माहूर-किनवट प्रांताचें अलिखित दप्तर

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचा जुना इतिहास लिहूं म्हणणाऱ्यास साधनांची अगदींच वाण पडत नाहीं. राष्ट्रकूट राजे आपणांस 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तें लत्तलूर म्हणजे आपलें लातूर होय, हें मत आतां बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे. कंधारास राष्ट्रकूटांच्या वैभवाची साक्ष देणारे भग्नावशेष आहेत, खरोशास लेणीं आहेत, उदगीर-औशाच्या किल्ल्यांवर फारसी लेख आहेत. आणि गांवोगांवच्या देशमुख-देशपांड्यांच्या, जोशी-कुळकर्ण्यांच्या घरचे रुमाल सोडले कीं मोडी कागद हातीं लागतात. परंतु नांदेड मागें टाकून उत्तरेची वाट धरावी, भोकर व हिमायतनगर ओलांडावें, पैनगंगेच्या कांठचे सागवानी डोंगर दिसूं लागावे, कीं ही शिदोरी सरत येते. किनवट व माहूर हे जिल्ह्याचे उत्तरेकडील दोन तालुके. तेथें गोंड, कोलाम, परधान व आंध हे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. पण आपल्या संशोधनमंडळांच्या संग्रहांतून त्यांच्या घरचा कागद शोधूं गेल्यास तो क्वचितच सांपडेल.

कागद नाहीं म्हणून इतिहास नाहीं, असा निकाल आपण फार दिवस न बोलतां देत आलों आहों. तो निकाल पुनर्विचारास घ्यावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे. या प्रांताला दप्तर आहे; तें लिहिलेलें नाहीं, गाइलेलें आहे; त्याचे दप्तरदार परधान होत; आणि तें वाचण्यास जी शिस्त लागते ती पोथ्या जुळविणाऱ्या आपणां मंडळींपाशींच तयार आहे, इतकें दाखवितां आलें तरी पुष्कळ झालें.

किल्ल्यावरून दिसणारा इतिहास

प्रथम लेखी साधनें काय सांगतात तें पाहूं. किनवट तालुक्यांत उनकेश्वर येथें उष्णोदकाचे झरे व जुनें शिवालय असून तेथें यादवकालीन शिलालेख आहे. महानुभाव परंपरेंत माहूर हें श्रीदत्तात्रेयप्रभूंचें स्थान. चक्रपाणि राऊळांस शक्तिलाभ झाला तो तेथेंच, असें त्या पंथाचे ग्रंथ मानतात. बहामनी राज्यांत महमूद गावाननें जुन्या चार तरफांच्या आठ तरफा केल्या, तेव्हां वऱ्हाडाची वांटणी गाविलगड व माहूर अशी झाली. अकबराच्या काळीं माहूर हें वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार गणलें जाई. अबुल फज्लनें आपल्या 'आईन-इ-अकबरी'त तेथील डोंगरी किल्ल्याची, जवळच्या देवीच्या देवळाची आणि उत्तम दुभत्या म्हशींचीहि नोंद केली आहे. सतराव्या शतकांत माहूरच्या देशमुख घराण्यांतील रायबागन मोगलांच्या बाजूनें लढत होती, आणि १६६१ सालीं कारतलबखानाच्या फौजेबरोबर ती उंबरखिंडींत कोंडली गेली, ही हकीकत शिवचरित्राच्या वाचकांस परिचित आहे.

हीं साधनें मोलाचीं आहेत. परंतु तीं एके ठिकाणीं मांडून पाहिलीं म्हणजे ध्यानांत येतें कीं, तीं सारीं किल्ल्यावरून खालीं पाहणाऱ्यांचीं आहेत. किल्ला कोणाच्या ताब्यांत, परगणे किती, जमीनदाराचे स्वार किती, एवढेंच त्यांना सांगावयाचें असतें. पायथ्याच्या रानांत कोण राहतो, तो स्वतःस काय म्हणवितो, कोणत्या कुळाशीं सोयरीक करतो, मेलेल्यास कसा निरोप देतो, यांविषयीं तीं मुकीं आहेत. 'आईन'मध्यें गोंडांचें नांव येतें तें चांद्याच्या राजाच्या निमित्तानें. कळंबच्या वर्णनांत शेजारच्या बाबाजी नांवाच्या गोंड जमीनदारापाशीं १,००० स्वार व ४०,००० पायदळ असल्याचें म्हटलें आहे. म्हणजे गोंड दिसला तो राजा म्हणून आणि मोजला गेला तो फौज म्हणून. १७५१ सालीं चांद्याचें राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें, आणि मग तेवढाहि उल्लेख विरळ झाला.

त्यांत कारभाराच्या हद्दी फिरत राहिल्या. निजामी अमलांत किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मुंबई राज्यांत येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. शेजारचा राजुरा तालुकाहि त्याच वेळीं नांदेडाकडे आला व १९५९ सालीं चांद्याकडे गेला. हद्द बदलली कीं लोक जागच्या जागीं राहतात, पण दप्तर दुसरीकडे जातें. या डोंगरांविषयींचे जुने कागद उर्दूंत व हैदराबादेस, पुढचे मराठींत व नांदेडास, त्याआधींचे फारसींत व वऱ्हाडच्या नांवें, अशी त्यांची पांगापांग झाली आहे. हा प्रदेश एक म्हणून ज्यांच्या स्मरणांत राहिला, ते तेथील रहिवासीच होत.

परधान आणि त्यांची किंगरी

गोंड आपणांस कोयतूर म्हणवितात. किनवट, माहूर, केळापूर, राजुरा, आदिलाबाद, उटनूर हा सारा एकमेकांस लागून असलेला मुलूख. आज तो महाराष्ट्र व तेलंगण या दोन राज्यांत वांटला गेला असला, तरी येथील राजगोंडांचे आचार व कथा यांत हद्दीची रेघ उमटलेली नाहीं. त्यांचीं कुळें चार 'सगां'त विभागलेलीं आहेत: नालवेन, सीवेन, सारवेन व येरवेन, म्हणजे अनुक्रमें चार, पांच, सहा व सात देवांचे. या नांवांतील संख्यावाचक शब्द द्राविडी आहेत. तेलुगूंतील 'नालुगु' आणि गोंडींतील 'नालुंग' हे शेजारी शेजारी ठेवले कीं कान असलेल्यास अधिक सांगावें लागत नाहीं. एकाच सगांत आपसांत विवाह होत नाहीं. प्रत्येक कुळाचा 'पेर्सा पेन', म्हणजे थोरला देव, निराळा; भाल्याचें लोखंडी पातें आणि चवरी हीं त्याचीं चिन्हें. पौषांत आणि वैशाखांत त्याचे उत्सव होतात.

या उत्सवांत परधान लागतो. तो कुळाचा वंशपरंपरेचा भाट. घोड्याच्या केसांच्या गजानें वाजविण्याची तीन तारांची किंगरी घेऊन तो बसतो आणि त्या त्या सगाची उत्पत्तिकथा गातो. त्याच्यावांचून देवकार्य पुरें होत नाहीं. कोणत्या परधानाचे यजमान कोण हें ठरलेलें असतें, आणि बापाचे यजमान मुलाकडे येतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस ही वहिवाट नवी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, येथें वही नाहीं, गळा आहे.

आतां आपल्या मंडळींनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. या प्रांतांतील परधानांची घरची बोली मराठी आहे, आणि गाथा मात्र ते गोंडींत गातात. मुलाशीं, शेजाऱ्याशीं, बाजारांत बोलावयाचें तें मराठींत. देवापुढें उभें राहिलें कीं गोंडी. घरीं मराठी बोलणारा वैदिक ज्याप्रमाणें संहिता कंठस्थ ठेवतो, तसाच हा प्रकार. गोंडांच्या धर्मकथेचे राखणदार मराठी भाषिक आहेत, ही एक बाब ध्यानीं घेतली तर हा विषय मराठी इतिहासाच्या बाहेरचा आहे असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

गाथेचा सांगाडा थोडक्यांत असा. आदिकाळीं गोंडांचे पूर्वज एका गुहेंत कोंडले गेले. पहांदी कुपार लिंगाल या पुरुषानें त्यांस मुक्त केलें. जंगुबाई ही देवी या कथेंत त्यांची पालनकर्ती आहे. लिंगालानें बाहेर आलेल्यांस चार सगांत वांटलें, कोणीं कोणाशीं सोयरीक करावी हें ठरविलें, देव कसा पुजावा, वाद्य कसें वाजवावें, मेलेल्यास पितरांत कसें मिळवावें हें शिकविलें. अशा रीतीनें गाथा एकाच वेळीं पुराण, स्मृति आणि वंशावळ अशीं तिन्ही कामें करते. ती ऐकणाऱ्या गोंडास त्यांतून आपलें कूळ, आपले सोयरे व आपलें दैवत कळतें. आपल्याकडे हींच कामें तीन निरनिराळ्या पोथ्या करतात.

गाइलेलें प्रमाण मानावें काय?

येथें आक्षेप येईल कीं, तोंडी परंपरा बदलते. तिला प्रमाण कसें मानावें? आक्षेप योग्य आहे, पण तो संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकानें घेतलेला शोभत नाहीं. ऋग्वेद आपणांस मिळाला तो मुखानें. पद, क्रम, जटा, घन या पाठांची योजना लेखणीवर विसंबून न राहणाऱ्या लोकांनीं केली. पुराणांचें मूळ पाहिलें तर तें सूतांच्या हातीं जातें. देव, ऋषि व राजे यांच्या वंशावळी जतन करणें हें सूताचें कर्तव्य, असें वायुपुराण सांगतें. नैमिषारण्यांत शौनकादि ऋषींना भारत ऐकविणारा उग्रश्रवा सूतच होता. धर्मशास्त्रांत सूताचें स्थान खालचें. तरी ऋषि त्याच्यापुढें श्रोते होऊन बसले. गोंड समाजांतहि परधानाचें स्थान गोंडाच्या खालचें मानीत, आणि तरीहि त्याच्यावांचून गोंडाचा देव बोलत नसे. ज्यांना सूत समजला त्यांना परधान समजण्यास अडचण पडूं नये.

मराठीचा दाखला याहून जवळचा आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो 'लीळाचरित्र', तो म्हाइंभटानें चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, गांवोगांव हिंडून जुळविला. पुढें मुसलमानी स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, आणि अनुयायांनीं ती स्मरणांतून पुन्हा उभी केली. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासाचा पाठ, परशरामबासाचा पाठ असे जे पाठ महानुभाव पोथ्यांत आढळतात, ते एका अर्थीं निरनिराळ्या स्मरणांचे पाठ होत. त्या पंथानें केलेली मोठी गोष्ट ही कीं, स्मरणांत भेद पडला तेथें तो दडविला नाहीं. कोणाची आठवण कशी, हें नांवानिशीं नोंदलें. आपण आज त्या नोंदींवरून संशोधन करतों. परधानांच्या गाथेला याहून निराळी कोणतीच वागणूक नको आहे.

शुद्धीकरणाचा धोका

गाथा लिहून घेण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एका परधानाकडून लिंगोची कथा उतरून घेतली. १८६३ सालीं ते पाण्यांत बुडून मरण पावले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं संपादून प्रसिद्ध केले. त्या पाठांत गोंडांस गुहेंत कोंडणारा महादेवच आहे, ही गोष्ट दैवतकथांच्या अभ्यासकानें नजरेआड करूं नये. गाथेंतला महादेव पुराणांतून उचललेला नाहीं. नांव तेंच, पण कर्म निराळें. पुढें १८७१ सालीं फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्यानें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या पुस्तकांत त्या कथेस काटछाट करून इंग्रजी पद्याचें रूप दिलें, आणि त्यासाठीं लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या 'हायवाथा' काव्याची चाल घेतली.

या चालीचीहि एक गोष्ट आहे. लाँगफेलोनें ती उत्तर युरोपांतील फिनलंड देशाच्या 'कालेवाला' या महाकाव्यावरून उचलली होती. तो देश १८०९ पर्यंत स्वीडनच्या आणि त्यानंतर १९१७ पर्यंत रशियाच्या अमलाखालीं होता. दप्तर स्वीडिश भाषेंत. लोकांची फिनिश भाषा शेतांत व स्वयंपाकघरांत. १८३१ सालीं तेथें फिनिश साहित्यसंस्था निघाली आणि एलियास लोनरोट या वैद्यानें सीमेवरील करेलिया प्रांतांत हिंडून शेतकरी गायकांचीं गाणीं गोळा केलीं. त्यांतून १८३५ सालीं 'कालेवाला' प्रसिद्ध झालें; १८४९ ची वाढविलेली आवृत्ति २२,७९५ ओळींची आहे. देशाला त्यायोगें स्वतःची ओळख पटली हें खरें. पण लोनरोटनें निरनिराळ्या गायकांचीं गाणीं जोडून, मधले दुवे घालून एकसंध काव्य केलें होतें. म्हणून पुढच्या विद्वानांनीं मूळ टिपणें जशींच्या तशीं, प्रत्येक पाठ निराळा ठेवून, छापण्याचें काम हातीं घेतलें. १९०८ पासून १९४८ पर्यंत त्याचे ३३ भाग निघाले. काव्य राष्ट्रानें मानलें, संशोधन मात्र टिपणांवर चालतें. त्याच उत्तरेच्या टोंकास राहणाऱ्या सामी लोकांपैकीं योहान तूरी यानें १९१० सालीं आपल्या लोकांचा वृत्तांत स्वतःच्या भाषेंत स्वतः लिहिला. बाहेरच्यानें लिहिलेल्या शंभर पुस्तकांत जें नसतें तें त्यांत आहे.

या साऱ्यांतून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. गाथेचा एकच 'शुद्ध' पाठ बनविण्याची घाई करूं नये. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना प्रत्येक प्रतीचा पाठ तळटीपेंत राखला. ज्यांनीं तें काम पाहिलें आहे, त्यांनीं परधानाच्या तोंडचा अशुद्ध वाटणारा शब्द सुधारण्यास धजूं नये.

निलंग्याचे पगडी आणि गुंजाळ्याच्या पोथ्या

आपल्या प्रांताला या कामांत अभिमान वाटावा असा एक पुरुष होऊन गेला. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० सालीं निलंग्यास झाला. तें गांव आज लातूर जिल्ह्यांत आहे. शिवकालाचे व फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु हैदराबाद राज्याच्या सेवेंत असतां त्यांनीं आदिलाबादच्या गोंडांत काम केलें, त्यांची भाषा आत्मसात केली, गोंडांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांचीं व्याकरणें रचलीं. ज्या विद्वानानें मोगल दरबारचे फारसी अखबार मराठीस उपलब्ध करून दिले, त्यालाच कोलामांच्या क्रियापदांचीं रूपें नोंदण्याजोगीं वाटलीं. साधनांत उच्चनीच मानूं नये याचा याहून बोलका पुरावा कोणता?

त्या कामाची पार्श्वभूमि दुःखाची होती. राखीव जंगलांच्या हद्दी आंखल्या गेल्या, बाहेरचे लोक पट्टे घेऊन येऊं लागले, आणि जमीन कसणाऱ्या गोंडापाशीं ती आपली म्हणून दाखविण्यास कागद नव्हता. १९४० सालीं जोडेघाट येथें कुमराम भीम व त्याचे सोबती सरकारी गोळीबारांत मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनें या प्रश्नाच्या चौकशीस ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हैमेन्डॉर्फ यांस पाठविलें. मारलावाई येथें १९४३ सालीं गोंड शिक्षकांचें शिक्षणकेंद्र निघालें, आणि गोंडी भाषेचीं क्रमिक पुस्तकें देवनागरी लिपींत तयार झालीं. हैमेन्डॉर्फ यांचा राजगोंडांच्या कथा व विधि यांवरील ग्रंथ १९४८ सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. परधानांच्या गाथांचा विस्तृत परामर्श त्यांत आहे.

पोथीसंग्राहकांस अधिक चकित करणारी बाब पुढें घडली. गोंडी ही लिपीवांचून राहिलेली भाषा, असें सर्वत्र समजत. १९१८ सालीं बालाघाटकडील मुनशी मंगलसिंग मसराम यांनीं तिच्यासाठीं एक लिपि बनविली होती. पण ती नवी रचना होती. या शतकाच्या पहिल्या दशकांत मात्र आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा या गांवीं निराळ्याच लिपींत लिहिलेल्या गोंडी पोथ्या उजेडांत आल्या. त्या वेळीं ती लिपि वाचूं शकणारे थोडे वृद्धच गांवांत उरले होते. हैदराबादचे जयधीर तिरुमलराव यांनीं त्या पोथ्यांचा पाठपुरावा केला. कांहीं अभ्यासक त्यांचा काळ १७५० च्या सुमारास नेतात. काळाचा वाद चालूं द्यावा. २०१८ सालीं ही लिपि संगणकाच्या जागतिक वर्णसंचांत दाखल झाली आहे. किनवटपासून फार लांब नसलेल्या डोंगरांत अशा पोथ्या निघाल्या, म्हणजे अलीकडच्या गांवांत कोणाच्या उतरंडींत कांहीं नाहींच, असें ठामपणें कोणी म्हणूं नये.

मर्यादा

प्रमाण मानणें म्हणजे वाटेल तें मानणें नव्हे. गाथेंतून सनावळी काढूं नये. ती तेथें नाहीं. गुहा कोठली, हा प्रश्नहि सावधपणें हाताळावा. गाथेंत काचीकोपा लोहागड असें स्थान येतें. गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा तालुक्यांतील कचारगड हेंच तें, अशी आज पुष्कळांची श्रद्धा असून माघी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. जंगुबाईची गुहा मात्र महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरील डोंगरांत आहे, व तेथें पौषांत लोक लोटतात. भाविकास दोन्ही सत्य आहेत. संशोधकानें दोन्ही परंपरा नोंदाव्या, आणि एकीस खोटी ठरविण्याचें काम आपल्याकडे आहे असें समजूं नये.

माहूरच्या रेणुकेविषयींहि हेंच धोरण असावें. परशुरामानें मातापित्यांस कावडींत घालून येथें आणलें, दत्तात्रेयांनीं अंत्यविधि सांगितला, सती गेलेली माता भूमींतून वर येत असतां त्यानें वेळेआधीं मागें पाहिलें, आणि म्हणून मुखच तेवढें प्रकट झालें, ही तांदळ्याची कथा सर्वश्रुत आहे. भूमींतून वर येणारी देवी आणि गुहेंतून बाहेर येणारे पूर्वज हीं दोन्ही एकाच डोंगररांगेच्या आसपास सांगितलीं जातात, हें साम्य नोंदण्यासारखें आहे. परंतु तेवढ्यावरून रेणुका मूळची अमुकांची, असा सिद्धांत ठोकून देणें घाईचें होईल. कोलामांचें उदाहरण येथें अधिक शिकवितें. कोलाम संख्येनें थोडे, त्यांची भाषा गोंडीहून निराळी. पण स्थानिक दैवतांच्या पूजेंत गोंड अनेक ठिकाणीं कोलामास पुजारी करतात. जुन्या भूमीच्या देवाचा मान जुन्या रहिवाशाकडे, असा यांत अर्थ असावा काय? प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर गांवोगांवच्या नोंदींतून यावयाचें आहे.

काय पणास लागलें आहे

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय असता, तर एवढ्या आग्रहानें मांडण्याचें कारण नव्हतें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं जंगलांतील जमिनीवरील व वनोपजावरील हक्क सिद्ध करण्यासाठीं जे पुरावे चालतात, त्यांत २००८ च्या नियमांनीं लेखनिविष्ट केलेलें वडीलधाऱ्यांचें निवेदन आणि पूर्वजांपर्यंत नेणारी वंशावळ यांचा समावेश केला आहे. देवस्थानें, स्मशानें, जुन्या वसाहतींच्या खुणा हींहि त्यांत आहेत. म्हणजे कायद्यानें जें प्रमाण मानलें, तें इतिहासमंडळांनीं अद्याप पुरतें मानलेलें नाहीं. ज्या गोंडाच्या पणज्यानें कागद नसल्यामुळें शेत गमावलें, त्याच्या पणतूच्या हातीं निदान नीट उतरून घेतलेली वंशावळ असावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

काळहि थांबलेला नाहीं. २०११ च्या जनगणनेंत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लक्ष ८४ हजार, आणि कोलामी सांगणारे सुमारे १ लक्ष २८ हजार होते. कोलाम हे महाराष्ट्र शासनाच्या यादींत आदिम जमात म्हणून गणलेले आहेत. परधानाचा मुलगा शाळेंत मराठी शिकतो, नोकरीस शहरांत जातो, आणि ही त्याची प्रगति आहे; तिचा कोणी खेद करूं नये. पण त्याच्या घरीं जी किंगरी खुंटीस राहते, तिच्याबरोबर एका कुळाची गाथा मुकी होते. पोथी वाळवीनें खाल्ली तरी कांहीं पानें उरतात. गायक गेला म्हणजे पान उरत नाहीं.

म्हणून वाचकांपुढें चार सूचना ठेवतों. एक, गाथा ऐकली तेथें गायकाच्या संमतीनें त्याचें नांव, कूळ, गांव, त्याचे यजमान, तिथि व प्रसंग हें सर्व लिहावें. पोथीची पुष्पिका आपण जितक्या काळजीनें उतरतों तितक्याच काळजीनें. दोन, ध्वनिमुद्रण करून मूळ गोंडी शब्द देवनागरींत जसाच्या तसा लिहावा, अर्थ निराळा द्यावा, आणि अर्थ कळला नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. तीन, एकाच गाथेचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही ठेवावे. त्यांतला चांगला निवडूं नये. चार, पेर्सा पेनाचीं चिन्हें, किंगरी व गुंजाळ्यासारख्या पोथ्या या संग्रहांत भर घालण्याच्या वस्तु नव्हेत. त्यांचीं छायाचित्रें व प्रती घ्याव्या, मूळ वस्तु त्यांच्या घरीं राहूं द्याव्या, आणि लिहून घेतलेल्याची एक प्रत गायकाच्या हातीं पोंचती करावी. कित्येक घरांतून आपण नेलेले रुमाल पुन्हा त्या घरीं गेले नाहींत, ही आपल्या चळवळीची जुनी खूण आहे. ती या डोंगरांत पुन्हा उमटूं नये.

पौषाच्या आणि वैशाखाच्या उत्सवांत किनवट-माहूरकडील गांवांत किंगरी अजून वाजते. नांदेडाहून तेथें पोंचण्यास एक दिवस पुरतो. ज्यांना मोडी लावतां येते, पाठभेद जुळवितां येतात आणि मान राखून ऐकतां येतें, अशा दोन-तीन तरुण अभ्यासकांनीं प्रत्येक सगाची एकेक गाथा जरी उतरून घेतली, तरी या प्रांताच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण लिहिण्यास सुरुवात झाली असें म्हणतां येईल. तें प्रकरण गोंड व परधान घरांतील शिकलेल्या मुलामुलींनींच लिहिलें, तर अधिकच उत्तम. आपण त्यांस पाठभेदाची शिस्त द्यावी, आणि त्यांच्याकडून गोंडी शिकावी.